चार माणसं, एक गळकी लाइन आणि एक स्टॉपवॉच: ‘ऑपरेशन्स चॅलेंज’साठी टीम अशी तयार करा

सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर रोज जी कामं होतात तीच घड्याळ लावून, पंचांसमोर, बिनचूक करून दाखवायची, अशी एक स्पर्धा अमेरिकेत १९८८ पासून भरते. नाव ‘ऑपरेशन्स चॅलेंज’. वॉटर एन्व्हायर्नमेंट फेडरेशन ती भरवते आणि अंतिम फेरी त्यांच्या ‘वेफटेक’ या वार्षिक अधिवेशनात, बहुधा न्यू ऑर्लिन्स किंवा शिकागोला होते. टीम चौघांची, सोबत कोच. इव्हेंट पाच: कलेक्शन सिस्टिम (म्हणजे ड्रेनेज लाइनची दुरुस्ती), लॅबोरेटरी, मेंटेनन्स, सेफ्टी आणि प्रोसेस कंट्रोल. टीमांची नावंही प्लांटवरच्या थट्टामस्करीतून येतात. टेक्सासमधल्या ट्रिनिटी रिव्हर ऑथॉरिटीची टीम स्वतःला ‘क्रूझर्स’ म्हणवते, कारण त्यांच्या प्लांटच्या नावाची आद्याक्षरं त्या शब्दात बसवलेली आहेत.

आपल्याकडे चौघांची अशी स्पर्धा नसली, तरी या क्षेत्रात भारताचं नाव आहे. २०१९ मध्ये रशियातल्या कझानला भरलेल्या वर्ल्डस्किल्स या आंतरराष्ट्रीय कौशल्य-स्पर्धेत वॉटर टेक्नॉलॉजीत एस. अश्वत्थ नारायण यांनी सुवर्णपदक मिळवलं. वर्ल्डस्किल्समधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. ती स्पर्धा एकेकट्याची असते. इथे मात्र चार माणसांचे आठ हात एकमेकांच्या आड न येता चालवायचे आहेत, आणि खरी मेहनत त्यातच आहे.

अमेरिकेतल्या प्लांटवर काम करणाऱ्या मराठी ऑपरेटरांना हे थेट उपयोगी पडेल. इथल्या एसटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) शिफ्टच्या पोरांकडून असाच सराव करून घ्यायचा असेल तरी पडेल. नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षीची नियमपुस्तिका हातात असल्याशिवाय एक पानाही उचलू नका.

टीम निवडताना

प्लांटवरचे चार सर्वात तगडे फिटर घेतले तर लॅब आणि प्रोसेस कंट्रोल हातचे जातात. चार केमिस्ट घेतले तर पाइपावर रडगाणं. निदान एक जण गणितात चपळ हवा, एकाचा हात ब्युरेटवर (थेंब-थेंब द्रव सोडायच्या मापनळीवर) स्थिर हवा, दोघांना पाइप-पंपाची सवय हवी. चौथा माणूस निवडताना कसबापेक्षा स्वभाव बघा. सूचना दिली की वाद न घालता ऐकणारा आणि ‘थांब’ म्हटलं की खरंच थांबणारा माणूस हवा. टीममध्ये कोणी डावखुरा असेल तर सोनं समजा. पाइपाच्या दोन बाजूंना एक उजवा आणि एक डावखुरा बसला की दोघांची कोपरं एकमेकांना लागत नाहीत. पाचवा राखीव गडी पहिल्या दिवसापासून सरावात घ्या, कारण अधिवेशनाच्या आठवड्यातच कोणाला तरी ताप येतो.

घड्याळ नंतर, दंड आधी

स्कोअर साधारणपणे लागलेला वेळ अधिक दंडाचे सेकंद असा मोजतात. पुस्तिका तीनदा मोठ्याने वाचा आणि तिसऱ्या वेळी प्रत्येक दंड एका तक्त्यात उतरवा: कोणती चूक, किती सेकंद, आपल्यापैकी कोणाच्या हातून होऊ शकते. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. करवत जोरात चालवून दहा सेकंद वाचवले आणि तेवढ्यात चष्मा कपाळावर सरकला म्हणून त्याहून जास्त गेले, हे सरावात दर आठवड्याला घडतं. चष्मा सरकतो तो घामाने. मागे पट्टी असलेला घ्या, प्रश्न मिटला.

चौदा आठवडे हाताशी असतील तर पहिले तीन बिनघड्याळाचे ठेवा. या काळात फक्त क्रम पाठ करायचा, आणि तोही बोलून: ‘कट झाला’, ‘रेघ दिसली’, ‘बँड घट्ट’. चौथ्या आठवड्यात मोबाइल शिडीला बांधून वरून चित्रीकरण करा आणि बघताना हात सोडून पाय मोजा. कोण किती पावलं चालला? टेबलापर्यंत जाऊन रिकाम्या हाती परत आलेला माणूस दिसला की तिथेच तुमचे सेकंद आहेत. हातांचा वेग दोन-तीन आठवड्यांत जेवढा वाढायचा तेवढा वाढतो. रिकाम्या फेऱ्या मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत सापडत राहतात.

कलेक्शन सिस्टिम: लाइन कापणं, जोडणं आणि सॅम्पलर

काम असं असतं: चालू ड्रेनेज लाइनमधला आठ इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा कापून काढायचा, त्या जागी नवा बसवायचा, त्यावर चार इंची जोडणीसाठी सॅडल (पाइपावर बसणारा जोडतुकडा) लावायचं, आणि त्याच वेळात ऑटोमॅटिक सॅम्पलरही (आपोआप नमुने घेणारं यंत्र) प्रोग्रॅम करून चालू करायचा.

भारतात सराव करणाऱ्यांनी आधी माप समजून घ्यावं. अमेरिकेतला आठ इंची एसडीआर-३५ प्रकारचा ड्रेनेज पाइप बाहेरून ८.४० इंच, म्हणजे सुमारे २१३ मिमी असतो. आपला २०० मिमीचा पाइप बाहेरून २०० मिमीच. त्यामुळे तिकडचं रबरी कपलिंग (दोन पाइप जोडणारी बाही, धातूच्या पट्ट्यांनी म्हणजे बँडांनी आवळायची) इकडच्या पाइपावर बँड कितीही आवळला तरी धड बसत नाही. सरावाला पाइप आणि कपलिंग एकाच मापपद्धतीचं घ्या.

कट काटकोनात आला नाही तर पुढचं सगळं बिघडतं. पाइपाभोवती जाड कागदाची पट्टी गुंडाळा, तिची दोन टोकं एकमेकांवर बरोबर जुळली की तिच्या कडेने मार्कर फिरवा. करवत एकाच जागी खालपर्यंत नेऊ नका. रेघेवरून थोडं कापा, पुढे सरका. करवत अडकण्याचं कारण बहुतेक वेळा पातं नसतं. आधार नसला की पाइप मध्ये झुकतो, वरचा कट मिटतो आणि पातं चिमटीत सापडतं. म्हणून कटाच्या दोन्ही बाजूंना आधार द्या आणि सुटणारा तुकडा दुसऱ्या माणसाने खालून तोलून धरायचा. उचलायचा नाही, नुसता तोलायचा.

तुकडा निघाला की मोकळ्या जागेचं अंतर वर आणि खाली दोन्हीकडे मोजा. दोन्ही मापं वेगळी आली तर कट तिरका गेला आहे, आणि लहान माप धरायचं. नवा तुकडा त्याहून एकूण साधारण ६ मिमी आखूड ठेवा. बरोबर मापाचा कापला तर आत जाताना कडा अडतात, मग हातोडी निघते आणि दंड सुरू होतो. कडांवरचा भुगा-कीस काढून कडा जराशा तिरप्या घासून घ्या, नाहीतर त्याच कडेने रबराला आतून चीर पडते. गळती मग जोडणीच्या मधोमध दिसते आणि बँड कितीही आवळला तरी थांबत नाही.

आता कपलिंग. जुन्या पाइपाच्या दोन्ही टोकांपासून कपलिंगच्या निम्म्या लांबीवर रेघ मारा. साबणाचं पाणी लावून दोन्ही कपलिंगं जुन्या पाइपावर पूर्ण मागे सरकवा, नवा तुकडा मध्ये बसवा, आणि कपलिंगं रेघेपर्यंत पुढे ओढा. रेघ विसरली तर कपलिंग एका बाजूला जास्त बसतं आणि दुसरीकडचा बँड पाइपाच्या अगदी कडेवर येतो. वरून ठाकठीक दिसतं, पाणी सोडलं की धार. बँडचे स्क्रू सहसा ५/१६ इंची सॉकेटचे असतात आणि रबरी कपलिंगला ६० इंच-पाउंड टॉर्क पुरतो, म्हणजे जवळपास ६.८ न्यूटन-मीटर. त्या टॉर्कला ‘टक’ करून सुटणारा टी-आकाराचा पाना मिळतो, तोच वापरा. बॅटरीवरच्या ड्रायव्हरने आवळायची खुमखुमी अनेकांना असते. बँडची आटी घसरली की ती परत धरत नाही.

सॅडलसाठी भोक सॅडलसोबतच्या कागदावर लिहिलेल्या मापाच्या होल सॉनेच (गोल भोक पाडणाऱ्या करवतीनेच) पाडा. ड्रिल थेट पाइपाच्या माथ्यावर काटकोनात धरा आणि शेवटच्या दोन मिलिमीटरला हात हलका करा. निघालेली चकती आत पडता कामा नये. चालू लाइनमध्ये ती पुढे जाऊन पंपाच्या इम्पेलरमध्ये (फिरत्या पंख्यात) अडकू शकते, म्हणून तिच्यासाठी दंड असतो, आणि असायलाच हवा. भोकाची कड साफ करून गॅस्केट बसवा, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. एकाच बाजूने आवळलं तर गॅस्केट सरकून भोकात डोकावतं.

सॅम्पलरवाला गडी पहिल्या मिनिटापासून वेगळाच असतो. त्याच्या कामाला ताकद लागत नाही, पण एक बटण चुकलं की मागे यायला दहा बटणं दाबावी लागतात. प्रश्नांचा क्रम तोंडपाठ हवा: बाटल्यांची संख्या आणि आकार, सक्शन नळीची लांबी, नमुना वेळेवर घ्यायचा की प्रवाहावर, दर वेळी किती मिलिलिटर, सुरुवात कधी. घोटाळा होतो तो नळीच्या लांबीत. पंप किती फिरवायचा याचा हिशोब यंत्र त्या आकड्यावरून करतं. फूट आणि मीटरची गल्लत झाली की बाटलीत भलताच नमुना येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

सेफ्टी: मॅनहोलमध्ये पडलेला माणूस

प्रसंग साधारण असा दिलेला असतो: मॅनहोलमध्ये काम करणारा सहकारी बेशुद्ध पडला आहे. त्याला बाहेर काढायचं, सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवायचा उपचार) द्यायचा, आणि अर्धवट राहिलेलं दुरुस्तीचं कामही पूर्ण करायचं. माणूस म्हणजे पुतळा, पण त्याचं वजन खरं असतं.

क्रम कुठल्याही परिस्थितीत मोडायचा नाही: बॅरिकेड, हेल्मेट-हार्नेस, लॉकआउट-टॅगआउट (यंत्र बंद करून कुलूप आणि पाटी लावणं), गॅस मोजणं, हवा खेळती करणं, ट्रायपॉड (तिपाई), मग विंचने (दोरी गुंडाळणाऱ्या चरकाने) उचलणं. गॅस मोजण्याचाही आपला क्रम आहे: आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारे वायू, शेवटी विषारी. ऑक्सिजन आधी अशासाठी, की पेट घेणाऱ्या वायूंचा नेहमीचा सेन्सर ऑक्सिजन कमी असला तर खोटा, कमी आकडा दाखवतो. अमेरिकेत धरल्या जाणाऱ्या मर्यादा अशा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, पेट घेणारा वायू त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत. हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म साधारणपणे १० पीपीएमला (दहा लाखात दहा भाग) आणि कार्बन मोनॉक्साइडचा ३५ पीपीएमला लावतात.

डिटेक्टर झाकणाच्या भोकातून सोडून आधी वाचा, मग झाकण उघडा. त्यानंतर वर, मध्ये आणि तळाशी, निदान दर चार फुटांवर थांबून वाचायचं. मिथेन हलका असतो, तो वर जमतो. हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. मध्ये एकदाच वाचून ‘ओके’ म्हणणारा दोघांनाही चुकतो. नळी लांब असेल तर हवा सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आकडा स्थिरावायला आणखी थोडा. घाईत नेमका हाच वेळ कापला जातो. आणि नाकावर कधीच जाऊ नका. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून उतरलेली माणसं परत आलेली नाहीत.

ब्लोअरचं तोंड गाडीच्या धुराड्यापासून लांब ठेवा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून पिन लागल्याची खात्री करा, एक पाय मऊ मातीवर असेल तर खाली फळी घाला. विंचची दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या डी-रिंगलाच (कडीलाच) लावा. उचलताना पुतळ्याचं डोकं मॅनहोलच्या काठाला आपटतं, म्हणून एकाने विंच फिरवायचा आणि दुसऱ्याने वरून हार्नेस धरून दिशा द्यायची. काठाजवळ वेग निम्मा. वर पहारा देणारा माणूस कोणत्याही कारणाने आत उतरत नाही. पुतळ्याशी सराव करतानाही त्याने आत पाय घातला तर राउंड तिथेच थांबवून परत सुरू करा.

हा नियम एवढा कडक का, तर अमेरिकेच्या निओश या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच सांगितलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मृत्यू हे वाचवायला गेलेल्यांचे होते. आपल्याकडच्या सेप्टिक टँकच्या बातम्यांतही तेच चित्र असतं: एक पडला, दुसरा उतरला, मागून तिसरा. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी स्टोअरमध्ये पॅकिंगसकट पडलेला असतो. पाचांपैकी एकच इव्हेंट आपल्या प्लांटवर आणायचा असेल तर हा आणा.

सीपीआरचा वेग मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. दमल्यावर माणूस वेग वाढवतो आणि खोली कमी करतो, शिवाय दाब पूर्ण सोडत नाही. छाती दर वेळी पूर्ण वर यायला हवी. मोठ्याने आकडे मोजणारा साथीदार असला की लय टिकते.

मेंटेनन्स

इथे बहुतेक सबमर्सिबल पंप किंवा तशाच यंत्राची तपासणी, सुटे भाग बदलणं आणि पॅनेलचं काम असतं. फिटरांना हे नवीन नाही, म्हणून फक्त जिथे गुण जातात तेवढंच. लॉक लावून झालं की ‘स्टार्ट’ दाबून पंप खरंच मेला आहे ना हे पाहणं राहून जातं. पंप साखळीने उचला, केबलला हात लावू नका. केबल ओढली गेली की तिच्या तोंडातून पाणी आत शिरतं आणि मेगरचा (वायरचं आवरण शाबूत आहे का मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा खाली येतो. सील चेंबरचं ऑइल काढल्यावर दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे खालचं सील गेलं. बोल्ट समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा.

फिरण्याची दिशा बघायची सोपी युक्ती: पंप साखळीवर टांगलेला असताना क्षणभर चालू करा. वरून पाहताना इम्पेलर घड्याळाच्या दिशेने फिरायचा असेल तर पंपाचं अंग उलट दिशेला झटका देतं. झटका चुकीच्या दिशेने आला तर पुन्हा लॉक लावून तीनपैकी कोणत्याही दोन फेज बदला. वायरच्या रंगांवर विसंबू नका. आपला लाल-पिवळा-निळा तिकडे नसतो. ४८० व्होल्टला सहसा तपकिरी-नारिंगी-पिवळा असतो, आणि पिवळा दोन्हीकडे असल्यामुळेच घोळ होतो. फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारे तरंगते स्विच) खालून वर असे लावायचे: बंद, पहिला पंप चालू, दुसरा पंप चालू, अलार्म. त्यांच्या केबली एकमेकींत गुंतणार नाहीत एवढं अंतर ठेवा.

लॅब

टीएसएस म्हणजे तरंगत्या घन पदार्थांची चाचणी कागदावर सोपी आणि हातात अवघड. फिल्टर चिमट्यानेच उचलायचा, खरखरीत बाजू वर. आधी डिस्टिल्ड वॉटरने तीनदा, २०-२० मिलिलिटरने धुवायचा, सुकवून वजन करायचं. नमुना गाळल्यावर १०-१० मिलिलिटरने तीनदा धुणं, १०३ ते १०५ अंशांवर सुकवणं, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करणं, वजन. उदाहरण घ्या: कोरा फिल्टर ०.१३१२ ग्रॅम, नंतर ०.१३४० ग्रॅम, नमुना १०० मिलिलिटर. फरक २.८ मिलिग्रॅम, म्हणून २८ मिलिग्रॅम प्रति लिटर. गरम फिल्टर तराजूवर ठेवला तर वर जाणारी हवा पॅन उचलते आणि वजन कमी दिसतं. हवेत फार वेळ ठेवला तर ओलावा पितो आणि जास्त दिसतं. नमुना ओतण्याआधी बाटली नीट हलवा. जड कण तळाशी राहिले तर तुमची चाचणी कितीही शुद्ध असली तरी आकडा चुकलाच.

अल्कॅलिनिटीत, म्हणजे पाणी किती ॲसिड पचवू शकतं याच्या चाचणीत, ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा हा जुना शत्रू. टायट्रेशनच्या, म्हणजे ॲसिड सोडत जाण्याच्या मध्येच तो सुटला की जेवढा बुडबुडा तेवढं ॲसिड फुकट मोजलं जातं. पीएच ५ च्या जवळ आला की थेंब-थेंब, ४.५ ला थांबा. १०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड १२.४ मिलिलिटर लागलं तर अल्कॅलिनिटी १२४ मिलिग्रॅम प्रति लिटर. याच मापांना मिलिलिटर गुणिले १० एवढंच सूत्र उरतं, ते पाठ असलेलं बरं.

बीओडी (जिवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणारी) पाच दिवस चालणारी चाचणी, त्यामुळे स्पर्धेत बाटल्या लावणं आणि दिलेल्या आकड्यांवरून हिशोब एवढंच येऊ शकतं. भारतात शिकलेल्यांनी इथे जपावं. आपल्याकडे तीन दिवस आणि २७ अंश चालतात, तिकडे पाच दिवस आणि २० अंश. सवयीने इन्क्युबेटरचं तापमान २७ लिहिलं की गुण गेले. हिशोबात कोणती बाटली धरायची हेही विचारतात. समजा ३०० मिलिलिटरच्या तीन बाटल्यांत ३, ६ आणि १२ मिलिलिटर नमुना घातला. सुरुवातीचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) सगळ्यांत ८.४. पाच दिवसांनी पहिलीत ६.६, दुसरीत ४.२, तिसरीत ०.६. पहिलीत घट २ पेक्षा कमी, बाद. तिसरीत शिल्लक १ पेक्षा कमी, तीही बाद. उरली दुसरी: ४.२ गुणिले ३००, भागिले ६, म्हणजे २१० मिलिग्रॅम प्रति लिटर. तिन्ही बाटल्यांची सरासरी काढणारे दर वर्षी भेटतात.

प्रोसेस कंट्रोल

गणित, प्रश्नपत्रिका आणि संगणकावरचा प्लांट. आपल्या माणसाला इथे अडवतो तो ८.३४ हा आकडा, म्हणजे एक अमेरिकन गॅलन पाण्याचं पाउंडातलं वजन. आपल्याकडे एमएलडी (दशलक्ष लिटर प्रति दिन) गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर केलं की थेट किलो प्रति दिन मिळतात. तिकडे दशलक्ष गॅलन गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले ८.३४ केलं की पाउंड. उत्तर किलोत काढून शेवटी पाउंडात बदलू नका, तिकडचंच एकक डोक्यात मुरवा.

एक गणित पूर्ण करू. प्रवाह २.५ दशलक्ष गॅलन प्रति दिन, एअरेशन टँक (हवा सोडायची टाकी) ०.८ दशलक्ष गॅलन, एमएलएसएस (त्या टाकीतल्या गाळाची तीव्रता) २५००, बाहेर जाणाऱ्या पाण्यात घन पदार्थ १०, वाया घालवायच्या गाळाची तीव्रता ८००० (तिन्ही मिलिग्रॅम प्रति लिटर), आणि गाळाचं वय, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस आत राहतो ते, १० दिवस ठेवायचं आहे. टँकमधला गाळ ०.८ × २५०० × ८.३४ = १६,६८० पाउंड. दहा दिवसांचं वय म्हणजे रोज १,६६८ पाउंड बाहेर. त्यातले २.५ × १० × ८.३४ = २०८.५ पाउंड पाण्याबरोबर आपणहून जातात. उरले १,४५९.५. त्याला ८००० × ८.३४, म्हणजे ६६,७२० ने भागलं की ०.०२१८७५ दशलक्ष, म्हणजे २१,८७५ गॅलन रोज. मिनिटाला १५.२ गॅलन. पाण्याबरोबर जाणारे २०८ पाउंड वजा करायचे विसरलात तर पंप जास्त चालतो, गाळाचं वय दहाच्या खाली येतं आणि थंडीत नायट्रिफायर (अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू) वाहून जातात. प्रश्नात तो आकडा मुद्दाम एका कोपऱ्यात दिलेला असतो.

एफ-टू-एम (जिवाणूंचं अन्न आणि जिवाणू यांचं प्रमाण) काढताना ८.३४ वर-खाली दोन्हीकडे येतो आणि कटतो, तेव्हा तो लिहूच नका. एसव्हीआयलाही (गाळ किती नीट बसतो त्याचा निर्देशांक) तो लागत नाही: एक लिटर नमुन्यातला गाळ अर्ध्या तासात २५० मिलिलिटरला बसला आणि एमएलएसएस २५०० असला तर १००.

लॅब आणि प्रोसेस एकमेकांना जोडायची सवय लावा. वरच्या उदाहरणात अल्कॅलिनिटी १२४ आली. प्लांटला येणारा अमोनिया नायट्रोजन २५ असेल तर पूर्ण नायट्रिफिकेशनला (अमोनियाचं नायट्रेट व्हायला) २५ × ७.१४, म्हणजे १७८.५ अल्कॅलिनिटी लागेल. ती नाहीच. मग पीएच पडेल, अमोनिया अर्धवट राहील, आणि ब्लोअर कितीही वाढवला तरी काही होणार नाही. डीनायट्रिफिकेशनमधून (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो त्यातून) ३.५७ च्या हिशोबाने थोडी परत मिळते, बाकीची चुना किंवा सोड्याने भरून काढायची.

सिम्युलेटरवर एका वेळी एकच गोष्ट बदला. डीओचा परिणाम लगेच दिसतो, गाळ काढण्याचा दिसायला गाळाच्या वयाइतके दिवस जातात. आज काही दिसलं नाही म्हणून उद्या पुन्हा वाढवलं की आठवड्याने दोन्ही एकदम अंगावर येतात. खऱ्या प्लांटवर रोजचा बदल १० ते १५ टक्क्यांच्या आत ठेवतात, तीच शिस्त पडद्यावरही पाळा. एकाने माउस धरायचा, एकाने आकडे वहीत लिहायचे, बाकी दोघांनी पडद्याला बोट लावायचं नाही.

शेवटचा आठवडा आणि तो दिवस

शेवटच्या आठवड्यात नवं काही शिकवू नका. क्रम बदलायची एखादी झकास कल्पना सुचली तर ती पुढच्या वर्षीच्या वहीत लिहा. रोज एक पूर्ण राउंड, तोही मुद्दाम गोंगाटात, कारण हॉलमध्ये शेजारच्या टीमचे समर्थक ओरडत असतात आणि तुमचं ‘थांब’ ऐकू येत नाही. हाताच्या खुणा ठरवून ठेवा. मूठ वर म्हणजे सगळं थांबवा.

सामानाची यादी दोन जणांनी वेगवेगळी तपासा. स्वतःची साधनं कोणती चालतात हे नियमात पाहा; चालत असतील तर टॉर्क पाना, मार्कर दोन, कागदी पट्ट्या, सवयीचे हातमोजे जोडीने जास्त, आणि ज्याच्यावर सराव केला तोच कॅल्क्युलेटर. नवा कॅल्क्युलेटर आदल्या दिवशी घेणाऱ्याला ऐन वेळी वर्गमूळाचं बटण सापडत नाही.

इव्हेंट संपला की टाळ्या आणि मिठ्या बाजूला ठेवून कॅप्टनने पंचांकडे जावं, स्कोअरशीटवरचा प्रत्येक दंड वाचावा आणि समजला नाही तो सहीच्या आधी विचारावा. बाकीच्या तिघांनी तेवढ्यात आपापली चूक वहीत लिहायची, जेवायला जायच्या आधी. जेवणानंतर प्रत्येकाला दुसऱ्याचीच चूक आठवते.